थंड इंजिन सुरूच होत नाही: कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू का?

परसबागवेडा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे गवत कापायचा टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे, ४ वर्षं जुना. आतापर्यंत तिसऱ्या-चौथ्या झटक्याला सुरू व्हायचा. मधे ४ महिने तसाच पडून होता, टाकीत थोडं पेट्रोल शिल्लक होतं. आता थंड असताना ३०-४० वेळा दोरी ओढली की कुठे जीव धरतो. तोही चोक अर्धा ठेवला तरच. चोक उघडला की लगेच बंद. रेस दिली तर वेग घेण्याऐवजी घुसमटतो आणि मरतो.

प्लग नवीन टाकला, एअर फिल्टरचा स्पंज धुऊन वाळवून बसवला. काही फरक नाही. कार्बोरेटरवर एल (कमी वेगाचं पेट्रोल), एच (जास्त वेगाचं पेट्रोल) आणि टी (रेस सोडल्यावरचा वेग, म्हणजे आयडल) असे तीन स्क्रू आहेत. त्यातला एल अर्धा वळसा बाहेर काढला, तर चोक उघडल्यावर पूर्वीपेक्षा ४-५ सेकंद जास्त चालतो, पण थंड इंजिनाचा त्रास जसाच्या तसा. आणखी फिरवू का? आणि स्क्रू मुळात कुठे होता हे मी मोजून ठेवलं नाही, ते आता कसं शोधायचं?

धूळपाटी

एल आणखी अर्धा वळसा बाहेर काढा. माझ्या यंत्राचं तसंच झालं होतं, सुटलं.

पानापकड

धूळपाटी, तुमचं सुटलं याचा आनंद आहे, पण इथे मी हा सल्ला देणार नाही. कारण साधं आहे. इतकी वर्षं जो स्क्रू बरोबर होता तो कपाटात पडल्या पडल्या फिरत नाही. स्क्रू तिथेच आहे, म्हणजे बदललंय ते दुसरंच काहीतरी. ते न शोधता स्क्रू फिरवला तर एक बिघाड दुसऱ्या बिघाडाने झाकला जातो. मग मूळ दोष दुरुस्त झाला की यंत्र धूर ओकायला लागतं, आणि माणूस पुन्हा स्क्रूकडे वळतो.

परसबागवेडा, तुम्ही लिहिलेल्या खुणांमध्ये सगळ्यात बोलकी खूण 'चोकवर चालतो, चोक उघडला की मरतो' ही आहे. याचा अर्थ इंजिनाला पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरतेय. चोक हवा अडवतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गळ्यात ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. म्हणून तेवढ्यापुरतं भागतं.

आधी स्क्रूचं. आत्ता जिथे आहे तिथून एल हलक्या हाताने आत फिरवत जा आणि किती वळसे झाले ते मोजून लिहून ठेवा. तळाला नुसता टेकू द्या, आवळू नका. टोकाची सुई पितळी किंवा पोलादी असते आणि बैठक मऊ असते. आवळलं तर बैठकीत खाच पडते आणि मग तो कार्बोरेटर कधीच नीट लागत नाही. टेकल्यावर पुस्तिकेत दिलेले वळसे बाहेर काढा. पुस्तिका नसेल तर बऱ्याच छोट्या डायफ्राम कार्बोरेटरना एल आणि एच दोन्ही १ वळसा बाहेर ही सुरुवात चालते. ही सुरुवात आहे, शेवटची जागा नव्हे.

मग मला ४ गोष्टी सांगा. पेट्रोल किती जुनं आहे? प्राइमरचा रबरी फुगा दाबल्यावर लगेच भरून येतो का, आणि त्यात बुडबुडे दिसतात का? टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर कसा आहे? चालता चालता बंद पडल्यावर टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा सुरू होतो का?

परसबागवेडा

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पेट्रोल तेच ४ महिन्यांचं आहे, त्याला जुन्या वॉर्निशसारखा वास येतोय. फुगा दाबला की हळूहळू वर येतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत, १५-२० वेळा दाबलं तरी. फिल्टर तारेने बाहेर ओढून काढला, तपकिरी झालाय. झाकण सैल करून पाहिलं, फरक पडला नाही. ऑइल मी पेट्रोलमध्ये अंदाजाने घालतो, जरा जास्तच घालतो, इंजिनाला चांगलं म्हणून.

जुनं_गॅरेज

शेवटच्या वाक्यावर थांबतो, कारण हा गैरसमज मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. ऑइल जास्त घातलं म्हणजे इंजिन जास्त सुरक्षित, असं वाटतं. पण जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या) त्याच भोकातून जे मिश्रण जातं त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. म्हणजे जळण्याच्या हिशोबाने मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. शिवाय प्लग ओला आणि काळा होतो, सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली ठिणगी अडवणारी बारीक जाळी कार्बनने भरते. ती जाळी भरली की इंजिन श्वासच सोडू शकत नाही, आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात.

मापाचं भांडं घ्या. ५०:१ सांगितलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, ४०:१ ला २५ मिली, २५:१ ला ४० मिली. कुठलं प्रमाण, ते यंत्राच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर असतं. ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं. डब्यात आधी थोडं पेट्रोल, मग सगळं ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवा. आणि महिन्याभरात संपेल इतकंच बनवा. पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो. थंड इंजिनाला नेमका तोच भाग लागतो. जुन्या पेट्रोलवर गरम इंजिन चालतं आणि थंड इंजिन सुरू होत नाही, ते त्यामुळे. इथेनॉल असलेलं पेट्रोल असेल तर आणखी एक भर: ते हवेतलं पाणी धरतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाला बसतो. फिल्टर नेमका तिथेच पडलेला असतो.

तुमच्या फुग्यात बुडबुडे थांबत नाहीत म्हणजे पेट्रोलबरोबर हवाही ओढली जातेय. नळी टाकीत शिरते तिथल्या रबरी गुडदीपाशी वाकवून बघा. भेग बहुधा तिथेच असते, आणि नळी सरळ असताना दिसत नाही.

गवतपातं

मधेच घुसतोय, माफ करा. माझं यंत्र फोर-स्ट्रोक आहे, ढकलायचं लॉन मोअर. सुरू होतं, पण वेग सारखा वर-खाली, वर-खाली होत राहतो. चोक थोडा ओढला की शांत होतं. हाही स्क्रूचाच प्रश्न का?

पानापकड

गवतपातं, रोग भावकीतलाच आहे, यंत्र वेगळं. तुमच्याकडे वाटीचा कार्बोरेटर आहे: खाली पेट्रोलची वाटी, त्यात तरंगणारा फ्लोट, आणि फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई. कमी वेगावर पेट्रोल एका अगदी बारीक भोकातून येतं, तो स्लो जेट. भोक इतकं बारीक की वाळलेल्या पेट्रोलचा पापुद्रासुद्धा ते बुजवतो. ते बुजलं की वेग पडतो, गव्हर्नर (वेग एकसारखा राखणारी यंत्रणा) थ्रॉटल (रेसची झडप) उघडतो, मेन जेटमधून पेट्रोल मिळतं, वेग चढतो, गव्हर्नर परत थ्रॉटल मिटतो, आणि इंजिन पुन्हा त्या बुजलेल्या जेटवर येऊन पडतं. तुम्ही ऐकताय तो हा पाळणा आहे. गव्हर्नरच्या स्प्रिंगला हात लावू नका, तिचा काही दोष नाही.

पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीचा खालचा बोल्ट काढा, तळाला गाळ किंवा पाण्याचे थेंब आहेत का बघा. मेन जेट आणि तिच्या वरची भोकाभोकांची पितळी नळी काढून उजेडात धरा, सगळ्या भोकांतून आरपार उजेड दिसायला हवा. स्लो जेट अनेक मॉडेलमध्ये आयडलच्या स्क्रूखाली लपलेला असतो, तो स्क्रू काढला की हळूच उपटून निघतो. भोक साफ करायला पोलादी तार किंवा सुई नको. विजेच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार आणि कार्बोरेटर क्लीनर. पोलादाने भोक एक केसभर मोठं झालं तरी जेट बदलावा लागतो.

गवतपातं

जेट उजेडात धरला, उजेड नाहीच! तांब्याच्या तारेने हिरवट खडा निघाला. आता आवाज एकसारखा येतोय, चोक पूर्ण उघडा. फार फार आभार.

परसबागवेडा

नळी वाकवून पाहिली, जुनं_गॅरेज म्हणतात तसंच, गुडदीपाशी भेग. नळी आणि फिल्टर दोन्ही बदलले, ताजं पेट्रोल, ऑइल मोजून. एल १ वळशावर आणला. (मी तो पावणेदोन वळशांवर नेऊन ठेवला होता, म्हणजे मूळचा सव्वाच्या आसपास असणार.) आता फुगा ५ वेळा दाबला की पेट्रोलने भरतो, बुडबुडे नाहीत. १२-१५ झटक्यांत सुरू होतो. पण चोक उघडला की अजूनही मरतो. आता स्क्रू?

पानापकड

अजून नाही. आता कार्बोरेटर उघडायची वेळ आली.

डायफ्राम कार्बोरेटरमध्ये वाटी नसते, म्हणून हे यंत्र आडवं-तिडवं-उलटं धरलं तरी चालतं. वाटीचं काम एक पातळ रबरी पडदा करतो. इंजिनाच्या ओढीने पडदा आत खेचला जातो, तो एका छोट्या तरफेला दाबतो, तरफ सुई उचलते आणि पेट्रोल आत येतं. पडदा मऊ असेल तर थोड्या ओढीनेही हलतो. पेट्रोल वाळून तो कडक झाला तर तेवढ्या ओढीला दाद देत नाही. चोक लावला की ओढ अनेक पटींनी वाढते आणि तेव्हा कुठे तो हलतो. तुमचं यंत्र चोकवरच का जगतं, हे त्यातून नेमकं जुळतं.

एका बाजूला ४ स्क्रूंचं झाकण असेल (काहींना एकच), त्याखाली गॅस्केट आणि पडदा. दुसऱ्या बाजूला पंपाचा पडदा आणि त्याखाली नखाएवढी बारीक जाळी. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. गॅस्केट आणि पडदा यांचा क्रम उलटला तर सगळं स्वच्छ असूनही यंत्र चालणार नाही, आणि ही चूक फार होते. पडदा बोटाने दाबून बघा, कडकड वाजला की गेला. सुईची तरफ किती उंच आहे तेही पाहून ठेवा, साफ करताना ती वाकवू नका. क्लीनर फवारायचा तर आधी सगळे पडदे आणि रबर काढून. डोळ्यांवर चष्मा हवाच, तो फवारा एका भोकातून जाऊन भलत्याच भोकातून थेट तोंडावर येतो. हवेचा जोरदार दाबही नको, आतल्या एकमार्गी झडपेची पातळ चकती फाटते.

गॅस्केट-पडद्यांचा संच कार्बोरेटरवर कोरलेल्या नंबरवरून घ्या, यंत्राच्या मॉडेलवरून नको. एकाच मॉडेलवर वेगवेगळे कार्बोरेटर आलेले असतात.

किलबिल

हा धागा वाचून मीपण माझं हेज ट्रिमर काढलं. सगळं तपासलं, पेट्रोल ताजं, पडदा मऊ, तरीही ढिम्म. शेवटी प्लग काढून सिलिंडरच्या पंख्यांना टेकवून दोरी ओढली, तर ठिणगीच नाही. बंद करायच्या बटणाची वायर सोलून बॉडीला लागत होती. १० मिनिटांचं काम, त्याआधी दोन दिवस मी कार्बोरेटर पुसत होतो. ठिणगी आधी बघा हो. आणि बघताना प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते.

जुनं_गॅरेज

किलबिल, अगदी बरोबर. प्लग स्वतःच सांगतो. बराच वेळ दोरी ओढूनही कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल अति झालं. फोर-स्ट्रोकवाल्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही इंजिनांत ऑइल कमी असलं की सेन्सर ठिणगीच बंद करतो. आणि मोअरचं पातं दगडावर आपटलं असेल तर फ्लायव्हीलची मऊ चावी अर्धवट कापली जाते, ठिणगीची वेळ सरकते. मग दोरी हाताला उलटा हिसका देते आणि इंजिन सुरू होत नाही. त्याला कार्बोरेटरने काहीही होणार नाही.

परसबागवेडा

उघडला! पडदा वाळलेल्या पानासारखा झाला होता, दाबला की खरंच कडकड. जाळीवर हिरवा-तपकिरी थर. संच बदलला, फोटो बघून क्रम लावला. आज सकाळी थंड असताना: फुगा ६ वेळा, पूर्ण चोक, तिसऱ्या झटक्याला 'फट्' आवाज, चोक अर्धा, पुढच्या झटक्याला सुरू. १० सेकंदांनी चोक उघडला आणि चालूच राहिला. किती बरं वाटलं ते लिहून सांगता येत नाही.

आता उरलंय ते असं: रेस झटकन दिली की क्षणभर दबतो, मग उठतो. आणि रेस सोडल्यावरही नायलॉन दोरीचं डोकं हळू फिरतच राहतं.

पानापकड

आता स्क्रू! आता ते फिरवण्यात अर्थ आहे. त्या 'फट्'वर चोक अर्धा केलात, तेही लिहितो कारण निम्मे लोक तिथेच चुकतात. ती पहिली ठिणगीची हाक असते. ती ऐकूनही पूर्ण चोकवर ओढत राहिलं की सिलिंडर पेट्रोलने भरतो.

मोकळ्या हवेत करा, शेडमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन ५ मिनिटं चालवून पूर्ण गरम होऊ द्या, फिल्टर बसवलेला असू द्या, डोकं जमिनीपासून मोकळं आणि पाय लांब.

आधी एल. आयडलवर असताना तो अष्टमांश वळशाने आत घ्या, दोन-तीन सेकंद थांबून ऐका. वेग चढेल, मग अडखळायला लागेल. ती जागा लक्षात ठेवा. आता तसाच बाहेर काढत चला, वेग चढून पुन्हा जड, घोगरा होईल. ती दुसरी जागा. दोन्हींच्या मधे सगळ्यात जास्त वेग असतो. तिथून किंचित बाहेर, म्हणजे किंचित रिच (पेट्रोल जास्त) बाजूला ठेवा. रेस झटकन देऊन बघा. दबला तर आणखी अष्टमांश बाहेर. दबत नाही पण धूर काढत गुरगुरत उठला तर तेवढंच आत. थंडीत सुरू होण्याचं सुख या अष्टमांशात आहे.

मग टी. हा फक्त थ्रॉटलची पट्टी किती मिटते ते ठरवतो, पेट्रोल-हवेशी त्याचा संबंध नाही. डोकं फिरायचं थांबेपर्यंत बाहेर काढा. आयडल साधारण २,८०० ते ३,००० फेऱ्यांच्या आसपास असतो, नेमका आकडा पुस्तिकेत. एल लावण्याआधी टी लावू नका, दोनदा करावं लागेल. सगळं लावल्यावरही डोकं फिरतच राहिलं तर क्लचची स्प्रिंग बघा.

एच ला हात लावू नका.

धूळपाटी

एच का नाही? मी तर एच आत घेऊन चांगला जोर मिळवला होता. कानाला कळतं की.

सावलीतलं_झाड

धूळपाटी, कळकळीने सांगते. माझ्या चेनसॉचा एच मी तसाच कानाने लावला होता. आत घेतला तसा आवाज स्वच्छ, तीक्ष्ण, सुंदर होत गेला, आणि मला वाटलं हेच बरोबर. तिसऱ्या ओंडक्याला पूर्ण वेगात इंजिन जागीच जाम झालं. सायलेन्सर काढून भोकातून पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण आणि थंडावा, दोन्ही पेट्रोलबरोबरच येतात. एच आत घेतला की तेच कमी होतं, आणि नेमकं सगळ्यात जास्त गरज असते त्या वेगाला. तो सुंदर आवाज लीन इंजिनाचा होता.

जुनं_गॅरेज

ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं. पूर्ण रेसवर, भार नसताना टू-स्ट्रोकचा आवाज किंचित फुटका, भरभरणारा हवा. लाकडात किंवा गवतात घातलं की तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. भार नसतानाच स्वच्छ असेल तर एच जास्त आत आहे. फेऱ्या मोजायचा टॅकोमीटर असेल तरच एच लावा, आणि ब्रश कटरला दोरी पूर्ण लांबीची असतानाच. आखूड दोरीवर इंजिन मर्यादेपलीकडे पळतं आणि माप चुकतं.

हेही सांगतो, काही नव्या यंत्रांत हे स्क्रूच नसतात. स्टिल कंपनीचं एम-ट्रॉनिक, हस्कव्हार्ना कंपनीचं ऑटोट्यून, यांत मिश्रण यंत्रच ठरवतं. काहींत स्क्रूवर मर्यादेची टोपी असते, ती उपटू नका.

धूळपाटी

सावलीतलं_झाड, वाचून उठलो आणि माझा एच पाऊण वळशावर सापडला. पुस्तिकेत १ लिहिलंय. परत नेला. भार नसताना आता भरभरतो, गवतात स्वच्छ होतो. धन्यवाद.

परसबागवेडा

झालं मंडळी. एल १ आणि अष्टमांश, एच होता तिथेच, टी डोकं थांबेपर्यंत. रेस लगेच उचलतो. हे आकडे फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले. एकच शेवटचं: अर्धा तास काम करून १० मिनिटं थांबलो की परत सुरू करताना ८-१० झटके लागतात. थंड असताना तीन. हे उलटं कसं?

पानापकड

गरम इंजिनावर चोक लावत असाल. त्याला तो नको असतो, आत आधीच वाफ भरलेली असते. फुगा ३-४ वेळा दाबा म्हणजे कार्बोरेटरमधली तापलेली वाफ टाकीत परत जाईल, चोक पूर्ण उघडा, थ्रॉटल अर्धा धरून ओढा. तरीही नाही झालं तर प्लग बघा. ओला निघाला तर प्लग बाहेर ठेवून, बटण बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून ६-७ वेळा दोरी ओढा, प्लग पुसून परत लावा.

परसबागवेडा

चोक लावत होतो. आत्ता न लावता दुसऱ्या झटक्याला सुरू झाला.